खुलासा: मतपेटीत समलिंगी हक्क दरवेळी हरले?

"अमेरिकेत समलिंगी हक्कांचा प्रश्न जनतेच्या मतदानाला गेला की दरवेळी हार, मिळालं ते फक्त कोर्टामुळे." हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय.

ते अगदीच हवेतलं नाही. 1977 मध्ये फ्लोरिडातल्या डेड काउंटीत मतदारांनी भेदभावबंदीचा नियम मोठ्या फरकाने रद्द केला. 2008 साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहांवरची बंदी सुमारे 52 टक्के मतांनी मंजूर झाली. कोलोरॅडोचा 1992 चा भेदभावकारी प्रस्तावही मंजूर झाला आणि 1996 मध्ये कोर्टानेच तो रद्द केला.

चूक आहे ती 'दरवेळी' या शब्दात. 1978 चा कॅलिफोर्नियाचा प्रस्ताव 6 घ्या. सरकारी शाळांतल्या समलिंगी शिक्षकांना, आणि त्यांची जाहीर बाजू घेणाऱ्यांनाही, नोकरीवरून काढता यावं, असा तो होता. सुरुवातीच्या पाहण्यांत तो पुढे होता. कार्यकर्ते दारोदार फिरले. कित्येकांनी तोवर लपवलेलं घरच्यांना, शेजाऱ्यांना पहिल्यांदाच सांगितलं. हे पत्रकं वाटण्याइतकं सोपं नव्हतं. अखेर 58 टक्के मतं विरोधात पडली. त्याच दिवशी सिएटलमध्येही समलिंगी हक्कांविरोधातला प्रस्ताव पडला, आणि 1992 मध्ये ओरेगनमध्येही. 2012 साली तर मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यांत मतदारांनी समलिंगी विवाहालाच मंजुरी दिली.

पडताळायचं तर त्या-त्या राज्याचे अधिकृत निकाल ऑनलाइन आहेत. आकड्याआधी प्रश्न वाचा: 1978 मध्ये हक्कांच्या बाजूचं मत 'नाही' होतं, मेनमध्ये 'हो'.