गिअरबॉक्समधलं लाल तेल

पन्हाळ्याचा घाट चढताना आमची गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हिसका द्यायला लागली. गाडी वीस वर्षांची, ऑटोमॅटिक. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी, काढली, पांढऱ्या फडक्यावर टेकवली आणि नाकाजवळ नेली. डाग कोऱ्या चहासारखा होता. नवं तेल कोकम सरबतासारखं लाल असतं.

"ह्ये कवा बदललंय?"

"कधीच नाही, मिस्त्री. आयुष्यभर चालतं असं ऐकलं होतं."

"जळल्याचा वास न्हाई. म्हंजे प्लेटा शाबूत असतील. तेल तेवढं थकलंय. घरीच बदला की!"

तेल थकतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की पुढचं सगळं काम सोपं जातं. इंजिनातलं तेल मुख्यतः वंगण. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मात्र स्वतः ताकद वाहून नेतं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात. इंजिनाचा पंखा तेल भिरकावतो आणि त्या तेलाच्या माऱ्यानं दुसरा पंखा फिरतो. सिग्नल सुटल्यावर गाडी हलते ती तेलाच्या जोरावर. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी.

गिअर बदलण्याचं काम क्लच प्लेटांचं. त्या तेलातच बुडलेल्या असतात आणि तेलाच्याच दाबानं एकमेकींवर आवळल्या जातात. इथं तेलाची खरी परीक्षा आहे: गिअरच्या दात्यांवर त्यानं घसरू द्यायचं आणि प्लेटांवर पकड धरू द्यायची. त्यासाठी त्यात खास रेणू घातलेले असतात. त्यांचं एक टोक पोलादाला चिकटतं, शेपटी बाहेर राहते, ब्रशच्या केसांसारखी. प्लेटा एकमेकींच्या वेगाला येत असताना घर्षण एकदम वाढू नये, याची काळजी हे केस घेतात. ते झडले की शेवटच्या क्षणी प्लेटा खटकन धरतात, आणि तोच हिसका आपल्याला सीटवर जाणवतो. एके काळी हे काम स्पर्म व्हेलचं तेल करायचं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. एका देवमाशाचा आणि मोटारीच्या गिअरचा असा संबंध असेल, हे वाचून मी बराच वेळ थक्क होतो.

या रेणूंचा वैरी म्हणजे उष्णता. तापमान 10 अंशांनी वाढलं की तेलाचं ऑक्सिडीकरण साधारण दुप्पट वेगानं होतं. घाट आणि उन्हाळ्यातली गर्दी म्हणूनच तेलाला लवकर थकवतात.

रविवारी सकाळी गाडी सपाट फरशीवर घेतली. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नये, चारी बाजूंना मजबूत स्टँड लावावेत. तेल कोमट असू द्यावं, कढत नको. आधी नवं तेल ओतायची जागा उघडून पाहावी, मगच खालचा बोल्ट सोडावा. नाहीतर जुनं तेल वाहून गेलं आणि वरचं झाकण गंजून बसलेलं, अशी पंचाईत होते. आमच्या बोल्टच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर राखाडी लेप होता, बोटावर घेतला तर काजळासारखा मऊ. तो वर्षानुवर्षांच्या झिजेचा. पोलादाचे कण बोटाला टोचले असते, तर मी तिथंच थांबून गाडी मिस्त्रींकडे नेली असती.

निघालं 3 लिटर. गिअरबॉक्सची एकूण क्षमता 6. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं, बोल्ट सोडून ते येत नाही. म्हणून हिशेब असा: एकदा बदललं की निम्मं नवं. थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा बदललं की 75 टक्के, तिसऱ्यांदा 87.5 टक्के. जुन्या गाडीला हा सावकाश मार्ग मला यंत्रानं जोरात धुण्यापेक्षा बरा वाटतो.

जेवढं काढलं तेवढंच मोजून ओतावं आणि पातळी तेल तापल्यावर पाहावी. 6 लिटर तेल 60 अंशांनी तापलं की सुमारे पाव लिटरनं फुगतं, त्यामुळे थंड गाडीवरची खूण फसवते. पातळी इंजिन चालू ठेवून पाहायची की बंद करून, हे गाडीगणिक वेगळं असतं, ते पुस्तिकेत वाचावं. तेलाचा प्रकारही पुस्तिकेत लिहिलेलाच हवा. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारी ऑटोमॅटिक, तिचं तेल वेगळं. एएमटी गाडी तर मुळात साध्या गिअरबॉक्सची, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हाताळतं; तिला हे तेल लागतच नाही.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे दिलं. गटारात ओतलेलं जयंती नाल्यातून पंचगंगेतच जातं.

हिसक्याला झिजलेल्या प्लेटा, अडकलेला व्हॉल्व्ह अशीही कारणं असतात आणि ती तेलानं बरी होत नाहीत. आमचं मात्र तेलावर निभावलं. दुसऱ्या बदलानंतर पन्हाळ्याला गेलो, तेव्हा तिसरा गिअर कधी पडला ते फक्त आरपीएमच्या काट्यावरून कळलं.