साडेसहाची फॅट सहा कशी झाली?

मामांच्या गावातल्या (करवीर तालुक्यात, कोल्हापुरातनं गाडीवर अर्धा तास) दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल वहीत निघायचं, ते मी हौसेनं एक्सेलच्या मॅक्रोवर (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) आणलं आणि पहिल्याच बिलाला एक आज्जी फॅटच्या (दुधातल्या स्निग्धांशाच्या) चिठ्ठ्या घेऊन दारात. "माझ्या म्हशीला साडेसहा लागलीया, हितं सहाच कशी?" शेजारच्या काकांची 7.5 मात्र 8 छापून आलेली, ते अर्थातच गप्प.

घोळ माझाच होता. फॅटसाठी जे व्हेरिएबल केलं, म्हणजे आकडा ठेवायला मेमरीत नाव लावून धरलेली जागा, तिचा टाइप, म्हणजे आत कसला आकडा बसणार ते, मी इंटिजर (पूर्णांक) दिलेला. इंटिजरमध्ये अपूर्णांक बसतच नाही. मग व्हीबीए (एक्सेल मॅक्रोची भाषा, 1993 च्या एक्सेल 5 पासूनची) आपल्याला न विचारता राउंड करते, आणि बरोब्बर अर्धा आला की जवळची सम संख्या धरते, म्हणून 6.5 चे 6 आणि 7.5 चे 8. शाळेत आपण अर्ध्याला कायम वर ढकलायला शिकलो, पण हजारो आकड्यांना तसं केलं तर बेरीज हळूहळू फुगत जाते, त्यामुळं हा सम संख्येचा नियम. डोकं लावलंय, पण हे आज्जींना कसं सांगायचं?

फॅटला डबल (अपूर्णांक ठेवणारा) टाइप दिला आणि ते मिटलं. पण पैशाला डबल नको. डबल आकडे बायनरीत, म्हणजे नुसत्या 0 आणि 1 मध्ये ठेवतो, आणि दशांशात एक तृतीयांश जसं 0.333 करत संपतच नाही तसं बायनरीत 0.1 संपत नाही, दहा वेळा 0.1 मिळवलं तर बरोब्बर 1 होत नाही! बिलाला करन्सी टाइप वापरायचा, तो रक्कम आतून 10,000 नं गुणून पूर्ण आकडा म्हणून ठेवतो, चार दशांशापर्यंत हिशोब चोख.

आणखी एक गंमत. सकाळ, संध्याकाळ अशी दोन व्हेरिएबल एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिली आणि शेवटी एकदाच टाइप दिला तर तो फक्त संध्याकाळला लागतो, सकाळ होते व्हेरिएंट, म्हणजे काय पण टाका, चालतंय. आणि मॉड्यूलच्या (मॅक्रो लिहायच्या पानाच्या) डोक्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट लिहिलं नसेल तर स्पेलिंग चुकलेलं नावसुद्धा गुपचूप नवीन व्हेरिएबल होऊन बसतं, आत काहीच नाही, हिशोबात शून्य. मी लिटरचं स्पेलिंग एका जागी 'ईआर'नं संपवलं, दुसऱ्या जागी 'आरई'नं, आणि तासभर विचार करत बसलो की एवढं दूध गेलं कुठं.

त्यामानानं जुलैतली चूक सरळ होती, निदान ओरडून तरी सांगत होती. एप्रिलपासूनच्या सगळ्या नोंदी एकाच शीटवर, दीडशे सभासद, दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे बिलामागं 3000 ओळी. अकराव्या बिलाला मॅक्रो मध्येच थांबला, 'ओव्हरफ्लो'. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर आणि आत हे! ओळी मोजणारं व्हेरिएबल पण इंटिजरच होतं. त्याला दोनच बाइट, म्हणजे 16 बिट, त्यातला एक बिट अधिक-उणे कळायला, त्यामुळं 32,767 च्या पुढं मोजता येत नाही. 2003 पर्यंतच्या एक्सेलमध्ये 65,536 ओळी होत्या, त्यासुद्धा त्यात मावल्या नसत्या, आणि 2007 पासून तर 10,48,576 आहेत. ओळी मोजायला डोळे झाकून लाँग घ्यावा, चार बाइटचा, 2,14,74,83,647 पर्यंत जातो. दोन बाइट वाचवून आजकाल कुणाचं भलं होत नाही.

आज्जींचा फरक पुढच्या बिलात जमा केला. काकांना जादा गेलेले अजून वसूल व्हायचेत.