सोमाली चाच्यांचा खटला मुंबईत कसा?

मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका 35 सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईच्या नौदल गोदीत आली, तेव्हा अनेकांना रास्त प्रश्न पडला: त्यांनी पळवलेले ‘एमव्ही रुएन’ हे जहाज माल्टाच्या ध्वजाचे, खलाशी परदेशी, चाचे सोमालियाचे, मग खटला आपल्याकडे का? वाहिन्यांनी कमांडोंच्या हवाई छत्र्या भरपूर दाखवल्या, पण खरी गंमत कायद्यात आहे.

खुल्या समुद्रात जहाजावर एरवी त्याच्या ध्वजाच्या देशाचाच अधिकार चालतो. चाचेगिरी हा त्याला जुना अपवाद आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा कराराचे कलम 105 कोणत्याही देशाला चाच्यांचे जहाज पकडण्याची आणि पकडणाऱ्या देशाच्या न्यायालयाला शिक्षा ठरवण्याची मुभा देते.

मात्र चाचेगिरी कशाला म्हणायचे, हे कलम 101 मोठ्या काटेकोरपणे सांगते. हल्ला खासगी हेतूने, एका खासगी जहाजावरून दुसऱ्या जहाजावर आणि कोणत्याही देशाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर झालेला हवा. प्रादेशिक समुद्राची मर्यादा 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. तीच होडी, तोच दोर आणि तोच कोयता या रेषेच्या आत वापरला, तर ती सशस्त्र लूट ठरते आणि कारवाई किनाऱ्याच्या देशाने करायची असते. 1985 मध्ये ‘अकिले लाउरो’ या जहाजाचे अपहरण करणारे प्रवासी म्हणूनच चढले होते. दुसरे जहाज नसल्याने ही व्याख्या तोकडी पडली आणि 1988 मध्ये रोममध्ये वेगळा करार करावा लागला. (खासगी हेतूची अट पाहता, मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हणणाऱ्या इंग्रजांचा दावा या व्याख्येत बसणे कठीणच.)

तरीही कलम 105 ‘करू शकतो’ म्हणते, ‘केलेच पाहिजे’ म्हणत नाही. कलम 100 सर्व देशांवर सहकार्याचे कर्तव्य टाकते, पण खटला अमुकानेच चालवावा असे सांगत नाही. त्यामुळे पकडलेल्या चाच्यांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना सोडून देण्याचे प्रकारही घडले आहेत. शिवाय देशाचा स्वतःचा कायदा नसेल, तर ही मुभा कागदावरच राहते. 1999 मध्ये पकडून मुंबईत आणलेल्या ‘अलोन्ड्रा रेनबो’च्या अपहरणकर्त्यांना 2003 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली, पण 2005 मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले, भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. ती उणीव 2022 च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने भरून काढली, आणि म्हणूनच ‘रुएन’वरील चाच्यांविरुद्ध यलोगेट पोलीस ठाण्यात त्या कायद्याखाली गुन्हा नोंदवता आला.