जड इलेक्ट्रॉन आणि केवल शून्याचा अंमल

मे महिन्यात आपल्या इंदूरचा पारा ४२ अंशांवर चढतो, तेव्हाही खंडवा रोडवर, विद्यापीठाच्या आवारातल्या यूजीसी-डीएई कन्सोर्शियम या संशोधन संस्थेत ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळणारं द्रव हेलियम वापरात असतं. ते एका भांड्यातून दुसऱ्यात घेताना नळीच्या तोंडाशी हवेतली वाफ गोठून पांढरा थर धरते. एवढी थंडी कशाला? उष्णतेच्या गडबडीत धातूंचे काही गुण दिसतच नाहीत, म्हणून.

१९७५ मध्ये सिरियम-ॲल्युमिनियमच्या एका संयुगाची विशिष्ट उष्णता, म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता, मोजली गेली. तिच्यातला इलेक्ट्रॉनांचा वाटा तांब्यापेक्षा प्रतिमोल दोन हजार पटींहून जास्त निघाला, जणू इलेक्ट्रॉन प्रचंड जड झाले होते. खरं तर त्यांचं मूळ वस्तुमान बदलत नाही. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीत राजवाड्यासमोरून वाट काढणाऱ्याचं वजनही तेवढंच असतं, पण पाऊल टाकायचं तर सगळी गर्दी हलवावी लागते. इथली गर्दी म्हणजे सिरियमच्या अणूंमधली इवली चुंबकं. फिरते इलेक्ट्रॉन त्यांना वेढून त्यांचं चुंबकत्व झाकतात; हाच कोंडो परिणाम. उलट याच इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने ती चुंबकं एकमेकांशी जुळवून घेऊन शिस्तीत उभी राहू पाहतात. या दोन ओढींपैकी कोणती जिंकणार, हे दाब, चुंबकीय क्षेत्र किंवा मिश्रणाचं प्रमाण बदलून ठरवता येतं.

केवल शून्याशी, म्हणजे शून्य केल्विनला (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसला) उष्णता उरत नाही, तरी हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व चुंबकांना स्वस्थ बसू देत नाही. त्या अस्वस्थतेनेच शिस्त मोडते, तेव्हा ते क्वांटम अवस्थांतर. यिटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉनच्या एका स्फटिकात शिस्त येते ०.०७ केल्विनला, आणि योग्य दिशेने लावलेलं अवघं ०.०६ टेस्लाचं क्षेत्र ती मोडतं. निओडिमियमचं लहानसं चुंबकही याहून बलवान असतं!

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. केवल शून्य कोणालाच गाठता येत नाही, पण त्याचा अंमल वरपर्यंत चालतो. याच स्फटिकात ते क्षेत्र लावलं की विद्युतरोध सुमारे १० केल्विनपर्यंत तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढत जातो. साध्या धातूत इतक्या थंडीत इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या टकरींमुळे येणारा रोध तापमानाच्या वर्गानुसार वाढतो. २०२३ मध्ये यिटर्बियमच्या याच संयुगाच्या अतिसूक्ष्म तारांमधल्या प्रवाहाचा गोंगाट, म्हणजे त्यातले बारीक चढउतार, मोजला, तर सुट्या कणांच्या प्रवाहात असायला हवा त्याहून तो बराच कमी भरला. म्हणजे तिथे वीज वाहून नेणारे वेगवेगळे कण उरतात का, हाच प्रश्न आहे.

१९७९ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रांक श्टेग्लिख यांना सिरियम-तांबे-सिलिकॉनच्या संयुगात सुमारे अर्ध्या केल्विनला अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, सापडली. चुंबकी अणू अतिवाहकता मारतात, अशी तोवरची ठाम समजूत होती. पुढे १९९८ मध्ये केंब्रिजच्या गटाने सिरियम-पॅलॅडियम-सिलिकॉनवर दाब वाढवत नेला. सुमारे २८ हजार वातावरणांइतक्या दाबाजवळ चुंबकी शिस्त संपते, आणि अतिवाहकता नेमकी त्याच दाबाच्या आसपास दिसते, त्याहून फार कमी किंवा फार जास्त दाबाला नाही.