बहुपदी

ज्या बैजिक राशीतील प्रत्येक पदात चलाचा घातांक पूर्ण संख्या (०, १, २, ३, …) असतो आणि पदांची संख्या सांत असते, ती राशी म्हणजे बहुपदी. ४क्ष³ − ७क्ष + २ ही बहुपदी आहे. मधल्या पदात क्ष छेदात गेला आणि राशी ४क्ष³ − ७/क्ष + २ अशी झाली, की ती बहुपदी राहत नाही. ७/क्ष म्हणजे ७क्ष⁻¹, आणि ऋण घातांक अटीत बसत नाही. √क्ष मध्ये घातांक १/२ आहे, म्हणून तीही बाद.

अट आहे ती चलाच्या घातांकावर. सहगुणकांवर, म्हणजे चलाला गुणणाऱ्या संख्यांवर, असे बंधन नाही. √५ क्ष² + क्ष/३ ही बिनतक्रार बहुपदी आहे, कारण मूळचिन्हाखाली ५ आहे, क्ष नाही. छेदातही नुसता ३ आहे. वर्गमूळ दिसले की ‘बहुपदी नाही’ असे लिहून मोकळे होण्याची घाई परीक्षेत अनेकांना नडते. (क्ष + १)³ विस्तार करून मांडलेली नसली तरी बहुपदीच. नुसती ७ ही संख्यासुद्धा ७क्ष⁰ म्हणून स्थिर बहुपदी ठरते.

ही अट मनमानी वाटू शकते, पण तिच्यामागचा विचार साधा आहे. चल आणि संख्या घेऊन त्यांच्यावर फक्त बेरीज, वजाबाकी व गुणाकार सांत वेळा करायचे ठरवले, तर जे जे तयार होते ते सगळे बहुपदी असते आणि त्याबाहेरचे काहीही तयार होत नाही. म्हणून दोन बहुपदींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार पुन्हा बहुपदीच येतो. भागाकाराची मात्र हमी नाही. तिथे पूर्णांकांप्रमाणेच भागाकार आणि बाकी अशी दोन उत्तरे सांभाळावी लागतात.

बहुपदीची किंमत काढणे सोपे जाते तेही यामुळेच. सुरुवातीची ४क्ष³ − ७क्ष + २ ही राशी ((४क्ष + ०)क्ष − ७)क्ष + २ अशी लिहिली, तर क्ष = ३ साठी ४, १२, ३६, २९, ८७, ८९ अशा पायऱ्यांनी उत्तर ८९ येते. घात वेगळे काढावे लागत नाहीत, तीन गुणाकारांत काम भागते. ही हॉर्नरची पद्धत. शाळेतल्या संश्लेषक भागाकारात हीच आकडेमोड असते.

काही राशी चकवतात. (क्ष² − १)/(क्ष − १) चे संक्षिप्त रूप क्ष + १ आहे, पण क्ष = १ घेतल्यास मूळ राशीला किंमतच नसते. फल म्हणून, म्हणजे क्ष ला किंमत नेमून देणारा नियम म्हणून पाहता दोन्ही एक नाहीत, हे विसरून छेद उडवू नये. √(क्ष²) चे प्रकरण आणखी मजेदार आहे. ती क्ष नव्हे, तर क्ष चे केवलमूल्य, |क्ष|. ते बहुपदी असते, तर |क्ष| − क्ष हीसुद्धा बहुपदी असती. तिची किंमत प्रत्येक धन संख्येसाठी शून्य येते, म्हणजे तिला अनंत मुळे (किंमत शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती) आहेत. पण बहुपदीला तिच्या कोटीहून, म्हणजे चलाच्या सर्वांत मोठ्या घातांकाहून, जास्त मुळे असू शकत नाहीत. तेव्हा ती शून्य बहुपदीच, म्हणजे सगळे सहगुणक शून्य असलेली, असायला हवी. क्ष = −१ ठेवला की किंमत २ येते आणि दावा कोसळतो.

१ + क्ष + क्ष² + … ही न संपणारी बेरीज घातश्रेणी आहे, बहुपदी नव्हे. २ चा क्ष वा घातही नाही, कारण तिथे चल स्वतःच घातांकात बसला आहे. एकाहून अधिक चले असतील तर प्रत्येकाला तीच अट लागू होते, आणि पदाची कोटी म्हणजे त्यातील घातांकांची बेरीज: क्ष²य³ ची कोटी ५.

शून्य बहुपदीची कोटी निश्चित करत नाहीत. गुणाकारात कोटींची बेरीज होते. शून्याला एखादी कोटी बहाल केली, तर शून्य आणि क्ष यांच्या गुणाकाराची कोटी एकाने वाढायला हवी, पण गुणाकार तर शून्यच राहतो.

भास्कराचार्य (बारावे शतक) अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देत. चलाच्या डोक्यावर घातांकाचा अंक लिहिण्याची आजची पद्धत रने देकार्तच्या १६३७ मधील लेखनापासून रूढ झाली.

उच्च बीजगणितात बहुपदी ही सहगुणकांवरून ओळखतात, किमतींवरून नाही. ० आणि १ या दोनच संख्या असलेल्या, १ + १ = ० मानणाऱ्या अंकगणितात क्ष² + क्ष ची किंमत क्ष काहीही घेतला तरी शून्य येते; तरी ती शून्य बहुपदी नाही, कारण तिचे दोन सहगुणक १ आहेत.