शांतता समिती ते मोहल्ला समिती : भिवंडीच्या प्रयोगाची पार्श्वभूमी

गणेशोत्सव किंवा मोहरम तोंडावर आला, की तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. पहिल्या रांगेत आजी-माजी नगरसेवक, व्यापारी संघाचे पदाधिकारी, मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदीचे विश्वस्त बसतात. निरीक्षक साहेब सण शांततेत साजरे करण्याचे आवाहन करतात, चहा फिरतो, वहीवर सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र छापून येते. शांतता समिती या नावाने महाराष्ट्रातील बहुतेक गावांना परिचित असलेल्या या बैठकीचे गुण आणि मर्यादा जितक्या स्पष्टपणे भिवंडीत दिसल्या, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसल्या असतील.

पोलिसांनी गावातल्या माणसांना हाताशी धरण्याची कल्पना मुळात नवी नाही. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाकडे गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी होती आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ ने आजचा पोलीस पाटील निर्माण केला. गावात कोण परका आला, कोणाची कोणाशी कुरबूर आहे, हे ठाण्याला कळवणे हे त्याचे काम. ही व्यवस्था खेड्यासाठी होती. यंत्रमागांभोवती वेगाने वाढलेल्या, नगरपालिका असलेल्या गावाला पोलीस पाटील नव्हता आणि शहरांना असतो तेवढा पोलीस बंदोबस्तही नव्हता.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे असेच गाव. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली कामगार, मूळचे कोकणी मुसलमान आणि आगरी, माग भाड्याने देणारे मालक आणि सुताचे व्यापारी अशी सगळी वस्ती एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी राहिली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती दि. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने या तिन्ही ठिकाणांच्या घटनांचा तपशीलवार अहवाल दिला आणि त्यात पोलिसांच्या तपासातील पक्षपातावरही कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर पुन्हा मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली. ठाणे आणि मुंबईतही आग पसरली आणि मृतांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. शांतता समितीचे सदस्य हे मोहल्ल्याचे मानकरी असले, तरी मोहल्ल्यात काय शिजते आहे याची खबर त्यांना असतेच असे नाही, आणि असली तरी ती ठाण्यात सांगण्यात त्यांचे हित असतेच असेही नाही, हे एव्हाना उघड झाले होते.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेले सुरेश खोपडे यांनी नेमका इथेच हात घातला. गावासाठी एक समिती ठेवण्याऐवजी मोहल्ल्या-मोहल्ल्यात, सुमारे सत्तर समित्या त्यांनी उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान सदस्यांची संख्या सारखी ठेवली आणि पुढाऱ्यांपेक्षा त्याच गल्लीत राहणाऱ्या, तिथेच पोट भरणाऱ्या साध्या माणसांना त्यांत आणले. बैठकीचे निमित्त सण नव्हते. समिती नियमितपणे भरत असे आणि तिथे नळाचे पाणी, शेजाऱ्यांतील भांडण, मुलांची मारामारी अशा गोष्टी निघत. वरवर पाहता हा पोलिसांचा विषय नव्हे, पण दोन धर्मांची माणसे महिन्यामागून महिने एकाच सतरंजीवर बसून गटाराबद्दल भांडली, की त्यांना एकमेकांची नावे आणि घरे ठाऊक होतात. पोलिसालाही तसेच, लाठी घेऊन येणारा खाकी गणवेश हळूहळू नाव असलेला माणूस होतो.

या रचनेचे सर्वांत मोठे बळ अफवेच्या बाबतीत दिसते. दंगलीत पहिला दगड पडण्याआधी बहुधा एखादी बातमी धावत येते: अमुक ठिकाणी मूर्ती फोडली, तमुक ठिकाणी मुलीला पळवले. ही बातमी ऐकून गल्लीतला तरुण खाली उतरतो, दुकाने धडाधड शटर ओढतात, आणि बंद शटर पाहून पुढच्या गल्लीला वाटते की खरेच काही घडले आहे. अशा वेळी पलीकडच्या मोहल्ल्यातील ओळखीच्या माणसाकडे थेट विचारणा करता आली, तर बातमी खरी की खोटी हे दहा मिनिटांत कळते. खोपडे यांच्या पद्धतीने ही ओळख आधीच करून ठेवली होती.

कसोटी लवकरच आली. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. मुंबईपासून काही तासांच्याही नव्हे, जेमतेम तासाभराच्या अंतरावर असलेली आणि दोन मोठ्या दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. त्या वेळी खोपडे यांची बदली होऊन त्यांच्या जागी गुलाबराव पोळ आले होते आणि त्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या, ही बाब अनेकदा विसरली जाते. एका अधिकाऱ्याची कल्पना दुसऱ्याने आपली मानली, म्हणून ती त्या डिसेंबरात तिथे होती. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरील आपल्या अभ्यासात भिवंडीचा दाखला दिला आणि त्यामुळे हे गाव अभ्यासकांच्या नकाशावर आले.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम तिथे उभे राहिले. पुढे १५ ऑगस्ट २००७ रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतही गावातला वाद गावातच मिटवण्याचा विचार होता. फरक एवढाच, की तिथे बक्षिसाची रक्कम होती आणि खेड्याचे परीक्षण होत होते. बक्षिसासाठी तंटे मिटले की कागदावर मिटवले गेले, हा प्रश्न त्या मोहिमेने मागे ठेवला. भिवंडीच्या समित्यांना बक्षीस नव्हते आणि कायद्याचा आधारही नव्हता. तिथे बसणाऱ्या पोलिसाच्या कामगिरीच्या नोंदीत या बैठकांना जागा नसेल, तर बदलीनंतर येणारा अधिकारी त्या चालू ठेवील याची हमी कोण देणार?

५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव रस्त्यावर आला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मारले गेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. हिंदू आणि मुसलमान यांच्यातला हा वाद नव्हता. तो मोहल्ला आणि ठाणे यांच्यातला होता, म्हणजे ज्या दोघांना एका सतरंजीवर आणण्यासाठी १९८८ मध्ये त्या समित्या उभ्या केल्या होत्या, त्यांच्यातलाच.