थरथर नव्वदलाच का?

समृद्धी महामार्गावर काटा नव्वदच्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. आणखी वेग घेतला की बरंचसं शांत होतं. गावात तीच गाडी अगदी गुळगुळीत चालते. अशा वेळी बहुतेकजण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतात आणि पैसे वाया जातात. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. ही थरथर बहुधा बॅलन्सिंगची असते, म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंना सारखं नसतं.

लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.9 मीटर. ताशी 100 किमी वेगात चाक सेकंदाला जवळजवळ 15 फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे पाच किलोच्या जोराने बाहेर खेचतं. पन्नासच्या वेगाला हा जोर एक चतुर्थांशच असतो. शिवाय टायर आणि सस्पेन्शनवर चाकाची स्वतःची वरखाली उसळण्याची एक लय असते, सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा. फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तशी थरथर वाढते. वेग पुढे सरकला की जुळणी मोडते. याला अनुनाद म्हणतात, आणि नव्वदचं कोडं मला तरी यामुळेच फार आवडतं.

थरथर कुठे जाणवते तेही पाहा. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटखाली असेल तर बहुधा मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्कची जाडी असमान झालेली असते. वेग तोच ठेवून गिअर बदला: थरथर बदलली तर इंजिनकडे बघा, तशीच राहिली तर चाकांकडे. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) जॉइंट तपासायला सांगा.

पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आला असाल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल धुऊन काढा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं.

मात्र थरथर अचानक सुरू होऊन वाढतच गेली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून चाकाचे नट सैल झालेत का आणि टायरला फुगवटा आलाय का ते बघा. फुगवटा दिसला तर त्या टायरवर पुढे जाऊ नका, स्टेपनी लावा.